नानाची विहीर कोरडी होती, दत्त्या

प्रिय दत्त्या,

आज सकाळी मी विळ्यानं तुझं तोंड फाडलं. आधी कपाळापासून हनुवटीपर्यंत उभं, मग गालातून आडवं. शिडी डुगडुगत होती, माझा मोडका पाय थरथरत होता आणि फाट्यावरच्या हॉटेलातले चार रिकामटेकडे हातात चहा धरून वर बघत होते. खरं तोंड नव्हे रे, फ्लेक्सवरचं. उद्या तुझं वर्षश्राद्ध, म्हणून नानाच्या संस्थेनं फाट्यावर तुझा केवढा तरी फ्लेक्स लावला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. फोटो तुझ्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, केस तेल लावून चापून बसवलेले. आणि तुझ्या डोक्यावर, तुझ्या दुप्पट आकाराचा, हात जोडून उभा असलेला नाना. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. फाडून घरी आले, पण राग उतरेना, म्हणून लिहायला बसले.

खाली लाल अक्षरांत काय होतं सांगू? 'कै. दत्तात्रय स्मृती बोअरवेल, शुभारंभ आज दुपारी.' तुझ्या नावाची बोअर! नानाच्या विहिरीच्या काठावर, जिथून तुला खाली टाकलं तिथंच. ज्या बोअरच्या नावानं तू उभ्या गावात बोंबा मारल्यास, तिच्यावर आता तुझं नाव घालणार. मेलेल्या माणसाची एवढी विटंबना मी तरी ऐकली नव्हती.

आणि ही बोअर काही पुण्यकर्म म्हणून नाही. परवा बीडच्या कोर्टात माझी साक्ष आहे. त्या दिवशी मी काय पाहिलं आणि काय ऐकलं, ते सांगायचंय. नानाचं म्हणणं एवढंच, की मी 'पाय घसरला' म्हणावं. दोन शब्दांत त्याचे दोन पुतणे सुटतात. तो स्वतः तर अजून अडकलेलासुद्धा नाही.

मामा रोज येऊन ओसरीवर बसायचा. "अक्के, गेलेला काय माघारी येतो का? मायला ह्या वयात टँकरमागं पळवती का? नळ दारात येईल. मिटव." मामा आपला सख्खा, मायचा पाठचा भाऊ. काल मी त्याच्या पुढ्यातला चहाचा कप उचलून भिंतीवर फोडला. तेव्हापासून आला नाही.

तुला एक विचारू? तू परत कशाला आलास रे? चित्रकलेचं शिक्षण झालं, पुण्यात काम लागत होतं, आणि तू रंगाचे डबे भरलेलं पोतं घेऊन एसटीतून उतरलास. गावाला वाटलं, शाळेत मास्तर तरी होईल. तू मायला म्हणालास, "मी भूजल रंगवणार." माय म्हणाली, "ते कंच्या देवळात अस्तंय?" आपण दोघं किती हसलो होतो! पण तू मायची चेष्टा केली नाहीस. तिला शेजारी बसवून भाकरीच्या पापुद्र्यावर समजावलंस, की आपल्याकडं जमिनीखाली समुद्र नाही, काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत जेवढं मुरतं तेवढंच पाणी. मुरायच्या आधी उपसलं तर संपलं. मायनं ऐकून घेतलं आणि भाकरी खाऊन टाकली.

मग तू माझ्या अंगणवाडीत घुसलास. काचेची मोठी बरणी आणलीस, तिच्यात दगड, मुरूम, वाळू भरलीस, वर पाणी ओतलंस आणि माझ्या पोरांच्या हातात कमीजास्त लांबीच्या नळ्या दिल्यास. "प्या," म्हणालास. पोरं तुटून पडली. आखूड नळीवाल्यांचं पाणी आधी संपलं आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. लांब नळीवालं एकच पोर सुर्र सुर्र ओढत राहिलं. मग एकानं त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं, बरणी फुटली, पोरांच्या आया मला शिव्या घालत आल्या. तू फुटक्या काचा गोळा करत म्हणालास, "अक्का, हे बघ आपलं गाव." मी म्हणाले, "गाव राहू दे, आधी टिंक्चर आण."

ती सगळ्यात लांब नळी कुणाची, हे मोठ्या माणसांना सांगावं लागलं नाही. नाना आपल्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा चेअरमन. संस्थेच्या बोअर त्या जुन्या विहिरीच्या भोवतीनंच पाडलेल्या आणि सगळं पाणी उसाला. ऊस एकट्या नानाचा नव्हता, हेही खरं. निम्मं गाव सभासद. दोन दोन सऱ्या का होईना, प्रत्येकाचा ऊस. तू म्हणायचास, "सहकार म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच गिलासातलं पिणं आणि गिलास फुटला की पावसाला शिव्या देणं." हे वाक्य तू संस्थेच्याच भिंतीवर लिहिलंस. पुतण्यांनी रातोरात त्यावर डांबर फासलं. दुसऱ्या दिवशी तू डांबरावर पिवळ्या रंगानं तेच वाक्य पुन्हा लिहिलंस. हट्टी मेला!

पावसाची वाकळ मात्र मला अजून आवडते. दर आठवड्याला तू मायला सांगायचास, पाऊस किती पडला. ती जुन्या लुगड्याची त्याच रंगाची पट्टी शिवायची. कोरड्या आठवड्याला तपकिरी, झिमझिम पावसाला फिकट निळी, जोराच्या पावसाला गडद. मला वाटायचं, वाकळ सगळी तपकिरी होणार. तशी ती झालीच. पण मधेच एक पट्टी आली, काळीनिळी, वीतभर रुंद. एका दुपारी धो धो कोसळून नाल्याकाठच्या चार शेळ्या आणि बांधावरची माती घेऊन गेलेला पाऊस. तू बायकांना बोलावून ती वाकळ पिंपळाला टांगलीस आणि म्हणालास, "पाऊस नुसता कमी झाला न्हाई. त्याची तऱ्हा बिघडलीय. पूर्वी बोटानं द्यायचा, आता मुठीनं मारतोय." हवा तापली की असं होतं, हेही सांगितलंस. शांताबाई म्हणाली, "ह्ये आमच्या नवऱ्यासारकंच हाय की." बायका हसून लोळल्या. पण त्या दिवसापासून आठवड्याच्या आठवड्याला कुणी ना कुणी विचारायला यायची, यंदाची पट्टी कुठली म्हणून.

तुझा मला राग एकदाच आला, तो टँकरच्या दिवशी. आठवतो तो दिवस? जनावरं चारा छावणीत बांधलेली, टँकर तिसऱ्या दिवशी आलेला. पाइप टाकीत सोडायच्या आधीच बायका वर चढल्या. घागरी, हंडे, कळशा, जे हातात होतं ते एकमेकींच्या डोक्यात घालत होत्या. एकीनं दुसरीचा अंबाडा धरून तिला टाकीवरून ओढलं. मायच्या कपाळावर पितळी हंड्याचा काठ बसला आणि तिचं तोंड रक्तानं भरलं. मी तिला ओढून बाहेर काढली आणि बघते तर तू समोरच्या कट्ट्यावर बसून चित्र काढतोस! मी येऊन तुझ्या कानाखाली वाजवली. त्याचं मला आजही काही वाटत नाही. तू गाल चोळत म्हणालास, "अक्का, ह्या भांडणाचा फोटो कुणी काढणार न्हाई. पेपरात फक्त टँकर येतोय." त्या चित्रातल्या बायका अजून टाकीच्या भिंतीवर एकमेकींवर हंडे उगारून उभ्या आहेत. मायचं कपाळ तू बरोबर काढलंयस.

आणि मग ती विहीर.

आपल्या पिढीला 'नानाची विहीर' म्हणजे काय होती! आताच्या नानाच्या आजोबांनी, त्यांनाही नानाच म्हणायचे, बहात्तरच्या दुष्काळात ती खणली. उभ्या गावाची पोरं तिच्यात पोहायला शिकली. शिकली म्हणजे काय, ढकलली गेली. काका नाहीतर मामा पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि न सांगता लाथ घालायचा. तुला ढकललं तेव्हा तू बराच वेळ वर आला नाहीस, मी काठावर ऊर बडवत होते, आणि तू पलीकडच्या कोपऱ्यात पायऱ्यांवर बसून दात काढत होतास. जो उठेल त्यानं कुणाला तरी ढकलायचं, ही आपल्या गावची रीतच होती.

ती विहीर आटत चालली तसा तू तिच्यात मुक्काम ठोकलास. पायऱ्यांवरून उतरून पाण्याची पातळी जिथं असेल तिथं भिंतीवर पट्टा रंगवायचास. हिरवा, मग पिवळा, मग नारिंगी. वरून सोडलेल्या दोरीला त्याच रंगांच्या चिंध्या बांधल्यास आणि दर बाजारच्या दिवशी ती दोरी पोरांकडून ओढून घ्यायचास. पोरं ओरडत गावभर पळायची, "नारिंगी उघडी पडली, नारिंगी उघडी पडली!" उन्हाळ्यात खालचा लाल पट्टाही उघडा पडला, आणि दोरीचं टोक कोरडं वर आलं. तू ती कोरडी चिंधी घेऊन घरोघर गेलास. प्रत्येकाच्या तळहातावर ठेवलीस. कुणी हसलं, कुणी झटकून टाकली. त्या दिवशी तू जेवला नाहीस. म्हणालास, "पालथ्या घड्यावर पाणी गं, अक्का. लोकांना कायबी कळत न्हाई."

मग तुझ्या डोक्यात विहिरीचा अंत्यविधी आला. माणसाचा करतात तसा करायचा: तिरडी, खांदा, दहावा. आणि त्याआधी फाट्यावर फ्लेक्स, जसा कुणी गेलं की लागतो. तू गेवराईच्या फ्लेक्सवाल्याला मजकूर पाठवलास: 'भावपूर्ण श्रद्धांजली. कै. नानाची विहीर. शोकाकुल: समस्त गावकरी.' सोबत विहिरीच्या तोंडाचा फोटो.

त्या शहाण्यानं काय करावं? त्याला वाटलं, हा काळ्या खड्ड्याचा फोटो चुकून आलाय. श्रद्धांजलीवर कुणी खड्डा लावतं का? आणि 'विहीर' म्हणजे पत्त्यातला शब्द चुकून मजकुरात आलेला असणार. नानाच्या दर वाढदिवसाचे फ्लेक्स तोच छापायचा, त्यामुळं नानाचा हसरा फोटो त्याच्याकडं तयार. त्यानं 'कै. नाना' छापलं, दोन्ही बाजूंना समया काढल्या, वर पदरचं 'आमचे प्रेरणास्थान' घातलं, आणि नानाचे फ्लेक्स नेहमी फाट्यावरच लागतात म्हणून पहाटे स्वतः येऊन बांधून गेला. भला माणूस! असल्या भल्या माणसांनी आपलं वाटोळं केलंय.

नाना त्या दिवशी छातीत दुखतं म्हणून नगरला दवाखान्यात गेलेला. फोन बंद. मग काय, आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. दूधवाल्यानं फ्लेक्स बघितला, तासाभरात पाच गावांत बातमी. कुणी म्हणालं नगरहून बॉडी निघाली. कुणी म्हणालं दुसऱ्या पॅनेलवाल्यांनी विष घातलं. संस्थेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळं हे सगळ्यांना लगेच पटलं. पुतण्यांच्या टोळक्यानं बाजार बंद केला. एसटीच्या काचा फोडल्या. दुसऱ्या पॅनेलच्या माणसाची जीप पेटवली आणि त्याच्या भावाला भर चौकात ठिबकच्या नळ्यांनी पाठीची सालटी निघेपर्यंत मारलं. अंगणवाडीवर दगड आले तेव्हा मी पोरांना तांदळाच्या पोत्यांआड कोंबून दाराला पाठ लावून उभी होते. कवाड माझ्या पाठीवर धडकत होतं.

आणि तिकडं नानाच्या घरी बायकांनी धीर धरला नाही. काकूंना, नानाच्या बायकोला, उंबऱ्यावर बसवून दगडानं त्यांच्या बांगड्या ठेचल्या. कुंकू पुसलं. मनगटातून रक्त निघालं, तरी कुणी थांबलं नाही.

दुपारी नाना जीपमधून जिवंत उतरला. त्याला बघून त्याचीच माणसं पळत सुटली, एक तर थेट मारुतीच्या गाभाऱ्यात शिरला. एरवी ह्यावर आपण वर्षभर हसलो असतो ना? पण नाना घरात गेला आणि बायकोचे भुंडे हात बघितले. नवरा जिवंत असताना फोडलेल्या बांगड्या. फ्लेक्सवाल्याला फोन लावून पुतण्यांनी तुझं नाव काढलं. त्यानं काकूंना दंडाला धरून फरफटत विहिरीपाशी आणलं, त्यांचे हात वर धरले आणि लोकांना दाखवत ओरडला, "बगा! माज्या जितेपनी माजी बायकू रांडाव केली ह्यानं!"

तू विहिरीतच होतास. लालच्याही खाली शेवटचा, निळा पट्टा रंगवत. तुला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. हाका ऐकून निळ्या हातांनी वर आलास आणि त्यांनी तुला धरलं.

तू पळाला का नाहीस रे? मी धावत येत होते, लांबून मला सगळं दिसत होतं. चारी बाजूंनी माणसं अंगावर येत होती आणि तू समजावत उभा होतास! "नाना, फोटू विहिरीचा व्हता. नाना, ऐका तर." पहिली सळई तुझ्या उजव्या हातावर पडली. हात खाली लोंबला, तरी तू डाव्या हातानं विहिरीकडं बोट दाखवत बोलतच होतास. मग पिंट्यानं, नानाच्या थोरल्या पुतण्यानं, पाना घालून तुझं तोंड फोडलं. दुसऱ्यानं तुझा रंगाचा डबा उचलून तुझ्या डोक्यावर उपडा केला. तू नखशिखान्त निळा झालास. लाथा, बुक्क्या, चपला. ज्यांच्या पोरांना तू नळ्या दिल्या होत्यास, ते बापसुद्धा होते त्यात.

मी एकाच्या कानाचा लचका तोडला. त्याचं रक्त माझ्या तोंडात होतं तेवढ्यात मला कुणीतरी केसांना धरून मागं खेचलं. आणि मी बघितलं, दोघा पुतण्यांनी तुला हातापायांना धरून झोका दिला. पिंट्या हसत होता. म्हणाला, "जा बे, पाणी हाय का न्हाई बगून सांग."

तू जाता जाता ती चिंध्यांची दोरी धरलीस. दोरी तुटली. मग आवाज आला. तो आवाज मी लिहिणार नाही.

मी पायऱ्या उतरले, जिथं पायऱ्या संपतात तिथून उडी टाकली, पाय मोडला, सरपटत तुझ्यापर्यंत आले. तुझ्या तोंडात रंग भरला होता. मी बोटानं काढत राहिले. वर काठावर गोल करून सगळं गाव वाकून बघत होतं. कुणीही खाली आलं नाही.

आता त्यांचा वकील काय म्हणतो ऐक. म्हणतो, 'पाय घसरला' हे टिकलं नाही तरी मारायचा हेतूच नव्हता. त्या गावात पोरांना विहिरीत ढकलायची रीतच आहे, जरा धडा शिकवायचा म्हणून ढकललं, विहिरीत पाणी असेल असं वाटलं. चुकीनं झालं. तुला पोहता येत होतं, हे त्यांनी आवर्जून कागदावर घातलंय. आणि रीत खोटी नाही ना रे! मला स्वतःलाच त्या विहिरीत ढकललेलं. सरकारी वकीलही मला म्हणाले, बाई, आरोपींना पाणी नाही हे माहीत होतं, हे सिद्ध करायला लागेल. नाहीतर खून टिकत नाही. आणि गावातलं कोण तोंड उघडणार? सगळे संस्थेचे सभासद. वर्षभर मी त्यावर जळतेय. भाजी चिरताना हातातल्या विळ्याकडं बघत बसते. पिंट्या जामिनावर सुटून फाट्यावर चहा पितो. एक दिवस जाऊन त्याच्या मानेवर विळा ठेवावा, एवढंच डोक्यात. खोटं कशाला बोलू, परवाच्या दिवसासाठी माझ्याकडं दुसरा बेत नाही.

एवढं लिहून मी उठले होते, पुढचं आता रात्री लिहितेय. दुपारी बोअरची गाडी आली. ती उंच मद्रासी गाडी, तीच, जिच्या मागं तू ओरडत पळायचास. मंडप, नारळ, हार, नाना पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मी विळा घेऊनच निघाले. पण पोचले तर माय माझ्या आधी तिथं. हातात काठी घेऊन ती सरळ चालत गेली आणि जिथं चुन्याची फुली मारली होती, तिच्यावर फतकल मारून बसली. "पाड भोक," म्हणाली. "पयलं माज्यातून पाड. मग खाली जा."

गाडीवाल्याला मराठी येईना. पण म्हातारी फुलीवर बसलीय एवढं त्याला कळलं. त्यानं मशीन बंद केलं आणि गाडीच्या सावलीत जाऊन विडी पेटवली. नाना गोड आवाजात बोलत होता, "माय, तुमच्याच लेकराच्या नावानं हाय." माय त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हती. पिंट्या पुढं आला, तिचं बखोट धरून ओढायला लागला. मी विळा वर केला. खरंच सांगते, मी मारणारच होते.

तेवढ्यात काकू घरातून बाहेर आल्या. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, नानानं पुन्हा भरलेल्या. त्या चालत आल्या, पिंट्याच्या एक मुस्कटात दिली आणि मायच्या शेजारी मातीत बसल्या. नाना म्हणाला, "घरात जा." काकू मायला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "विहिरीत पाणी न्हाई, मला माहीत व्हतं. ह्यांलाबी माहीत व्हतं. शेवटलं पाणी ह्यांनीच मोटार लावून उसाला दिलं, आन् घरी येऊन म्हनले, आता तिच्यात बेडूकबी बुडायचा न्हाई. पोराला उचलला तवा 'टाका' म्हनून ह्येच म्हनले. मी जवळच व्हते. माजा हात ह्यांच्याच हातात व्हता."

नानाचं तोंड असं झालं, की मी विळा खाली घेतला. आता त्याची गरज नव्हती.

मायनं विचारलं, "कोर्टात म्हनशील?"

काकू म्हणाल्या, "बांगड्या एकदा फुटल्यात. आनखी एकदा फुटल्या तर काय?"

मग शांताबाई उठली. म्हणाली, "मला माहीत व्हतं. चिंधी माज्या हातावर ठिवली व्हती दत्तूनं." मग तिची जाऊ. मग कुंभाराची सून. मग त्या दिवशी तुला चपला मारलेला एक बाप, मान खाली घालून, "माज्या पोरानं घरी यिऊन सांगितलं व्हतं." कुणी रडलं नाही. एकेक जण नुसतं तेच म्हणत होतं: माहीत व्हतं, मला माहीत व्हतं. गाडीवाल्यानं विडी विझवली, गाडी फिरवली आणि निघून गेला.

दत्त्या, तू चुकलास रे. लोकांना काही कळत नाही म्हणून उपाशी झोपलास आणि ते मनात धरूनच गेलास. सगळ्यांना कळलं होतं. तुझ्या बरणीनं, वाकळीनं, त्या चिंधीनं गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं होतं, की विहीर कोरडी आहे. कळूनही ते गप्प बसले आणि कळूनही त्यांनी तुला टाकलं. ह्यासाठी मी त्यांना कधी माफ करणार नाही, शांताबाईलाही नाही. पण आता त्यांना 'आम्हाला वाटलं' म्हणायची सोय उरलेली नाही. ती तूच ठेवली नाहीस.

म्हणून हे वचन देते. विळा घरी ठेवून जाईन. मोडक्या पायानं पिंजऱ्यात उभी राहीन, पिंट्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत सांगीन आणि काकूंचा हात धरून त्यांना पायरीपर्यंत नेईन. त्यांचा वकील मला विचारणारच, की बाई, विहिरीत पाणी आहे असं आरोपींना खरोखर वाटलं नसेल कशावरून? मी सांगीन, साहेब, माझा भाऊ शिकवायला फार चांगला होता.

तुझी,
अक्का